मॉझेलबाईंच्या भांड्यातली सात मिनिटं

मित्रांनो, मी एक जुनी ध्वनिफीत आहे. खरं सांगायचं तर अख्खी फीतही नाही, एका फितीचा कापलेला तुकडा आहे. रुंदीला मी तुमच्या करंगळीच्या निम्मी, पण उलगडलं तर एका गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचेन. माझा रंग तपकिरी होता. होता म्हणते, कारण आता तो फारसा उरलेला नाही. तो कुठे गेला तीच माझी गोष्ट आहे. ऐकताना घाई करू नका. घाई करणाऱ्या माणसांनीच मला कापलं होतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या लांबलचक पट्टीवर लोखंडाची बारीक पूड गोंदात कालवून फासली, की झाली फीत तयार. माणसाचा आवाज त्या पुडीत राहतो आणि पूड गोंदाच्या भरवशावर राहते. हा गोंद हवेतला ओलावा पितो आणि वर्षानुवर्षं कुजत जातो, हे तेव्हा बनवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. मला तर कुठून असणार?

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये मी जॉर्जिया राज्यातल्या टॉलिव्हर गावी आले. तिथे रॉयल टटल नावाच्या गृहस्थाने बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात स्टुडिओ थाटला होता. भिंती दोन हात जाड, त्यामुळे बाहेरून मालगाडी गेली तरी आत पत्ता लागत नसे. स्टुडिओ गरीब होता. पाच वाजवणारे एकाच खोलीत उभे राहत, एकदम वाजवत आणि जे वाजेल ते थेट माझ्यावर उतरे. दुसरी प्रत नाही आणि चूक झाली तर लपवायला जागा नाही.

ते पाच जण गावातल्या सॉमिल रोडवर राहत, म्हणून त्यांच्या बँडचं नावही तेच. ही त्यांची पहिलीच रेकॉर्ड. गाणारा आणि पुढारी हॉयट लॅसिटर, उंच आणि देखणा, आपण देखणे आहोत हे पुरतं माहीत असलेला. त्याच्यामागे दुसरी गिटार घेऊन उभा राहणारा ड्यूइट पर्व्हिस. बावीस वर्षांचा, पीचच्या वखारीत पेट्या भरणारा. आठ गाण्यांत त्याने नुसती साथ केली होती. त्याची बोटं काय करू शकतात, हे अजून कुणी ऐकलंच नव्हतं.

रोज दुपारी बाराच्या ठोक्याला ड्यूइटची आई मॉझेलबाई यायच्या. हातात पांढरं, निळ्या काठाचं इनॅमलचं खोल भांडं. त्यात पीचचं कॉब्लर, खाली रसाळ फळं आणि वर खरपूस गोड कवच. भांड्याच्या तळाला चिकटपट्टी आणि त्यावर निळ्या शाईत नाव: एम. पर्व्हिस. टॉलिव्हरमधल्या प्रत्येक बाईच्या भांड्याखाली अशी पट्टी असते, कारण तिथे भांडी सदा या घरातून त्या घरात फिरत असतात. आणि फिरलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा तिथला अलिखित कायदा. रॉयलने पहिल्या दिवशी त्यात टोमॅटो घालून दिले, दुसऱ्या दिवशी उकडलेल्या शेंगा. तिसऱ्या दिवशी काहीच सापडेना तेव्हा बिचाऱ्याने चार नवे बल्ब घालून दिले.

मॉझेलबाईंचा लेकावर जीव होता, विश्वास मात्र नव्हता. ड्यूइट लहानपणापासून थापाड्या. गृहपाठ का नाही केला, तर म्हणे आईला मगर चावली. मास्तरीणबाई फुलं घेऊन घरी आल्या, तेव्हा आई अंगणात कपडे वाळत घालत होती.

"ड्यूइट," मॉझेलबाई म्हणायच्या, "तुझ्या दहा वाक्यांत एक खरं असतं, आणि तेही चुकून."

सहाव्या दिवशी शेवटचं गाणं राहिलं. रॉयलने माझं रीळ यंत्रावर चढवलं आणि काचेपलीकडून बजावलं, "बारा मिनिटांची फीत उरली आहे. याच्यापुढे माझ्याकडे वीतभरही नाही. एकदाच वाजवा आणि नीट वाजवा."

हॉयट ड्यूइटकडे वळला. "माझं गाऊन झालं की तू थोडं वाजव. थोडं म्हणजे थोडं, काय? मी गिटारची मान वर केली की थांबायचं."

हा त्यांच्यातला जुना नियम होता. मान वर झाली की गाणं संपलं.

हॉयट चार मिनिटं गायला, चांगला गायला. मग ड्यूइटने डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिलं मिनिटभर तो चाचपडत होता. मग काय झालं कुणास ठाऊक, त्याला वाट सापडली. हॉयटने मान वर केली. ड्यूइटचे डोळे मिटलेले. हॉयटने पुन्हा मान वर केली, मग तिसऱ्यांदा अगदी छताकडे रोखली. ढोल वाजवणाऱ्याने ते पाहिलं आणि सरळ तोंड फिरवून ठोका आणखी घट्ट धरला. काचेपलीकडे रॉयल खुर्चीतून उठला. रिळावर माझे वेढे भराभर कमी होत होते. दोन बोटं जाड, मग एक बोट, मग खालची चकती दिसायला लागली. सूर अर्धवट राहिला असता तर सगळं गाणं वाया गेलं असतं, आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. फिरत राहणं एवढंच मला येतं.

अखेर ड्यूइटने शेवटचा सूर लांबवला आणि सोडला. चकतीवर माझे मोजून काही वेढे शिल्लक होते. रॉयल इतका हबकला होता की यंत्र बंद करायचं विसरला, त्यामुळे नंतरची दोन-चार वाक्यंही माझ्यावर उतरली. ती कोणती, ते वेळ आली की सांगेन.

आठवड्याने अॅटलांटाहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. त्याने गाणी ऐकली, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "दुसरी बाजू एकोणतीस मिनिटांची होतेय. तबकडीच्या एका बाजूला बावीस मिनिटं मावतात. सात मिनिटं काढा."

"कुठली काढू?" रॉयलने विचारलं.

हॉयट आपल्या बुटांकडे बघत राहिला. मग बुटांनाच सांगितल्यासारखा म्हणाला, "माझं गाऊन झाल्यावर जे आहे... ते जाऊ दे."

ड्यूइट दाराशी उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो हसला. "कापा की! पुढच्या रेकॉर्डला वाजवीन. मी काय पळून चाललोय?"

मित्रांनो, रॉयलने मेणाच्या पेन्सिलीने माझ्या पाठीवर खूण केली आणि दाढीचं ब्लेड उचललं. एक तिरका काप, बस. माझा मोठा भाग गाडीत बसून अॅटलांटाला गेला आणि त्याची रेकॉर्ड झाली. कापलेले तुकडे केराच्या टोपलीत जायची रीत होती. रॉयलने मला टोपलीत टाकलं नाही. एका लहानशा धातूच्या चकतीवर गुंडाळून मला खिडकीत ठेवलं, मॉझेलबाईंच्या भांड्याशेजारी. शेवटच्या दिवशीचं ते भांडं परत द्यायचं राहूनच गेलं होतं.

त्यानंतर अकराव्या दिवशी पीचच्या पेट्यांनी भरलेला ट्रक ओल्या उतारावर उलटला. ड्यूइट चालवत होता. रेकॉर्ड बाजारात यायला अजून महिना होता.

अंत्यविधीला रॉयल आला तो ते भांडं घेऊन. रिकामं कसं आणणार? आणि त्या बाईच्या भांड्यात घालण्याजोगं जगात दुसरं काय उरलं होतं? त्याने मला आत ठेवलं, सोबत एक चिठ्ठी ठेवली आणि झाकण चारी बाजूंनी पट्टीने बंद केलं. बॅप्टिस्ट चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात, गावाने आणलेल्या तीसेक भांड्यांमध्ये त्याने मला मांडलं. भांडं तिचं, चर्चही तिचं. तेरवीचं नव्हे पण तसंच जेवण उरकलं की बायका ज्याची त्याची भांडी ज्याच्या त्याच्या घरी पोचवतात. त्याला वाटलं, काम झालं.

पलीकडून पाद्री स्टोक्स यांचा आवाज ऐकू येत होता. दार उघडंच होतं. ते म्हणत होते, "या मुलाला ट्रकने नाही नेलं. त्या गिटारने नेलं. सैतानाच्या त्या वाजंत्रीने नेलं!"

बाक करकरला. मॉझेलबाई उभ्या राहिल्या होत्या.

"स्टोक्सबाबा," त्या म्हणाल्या, "ट्रकचे ब्रेक गेले होते. गिटारीला ब्रेक नसतात."

"मॉझेल, खाली बस."

"माझ्या लेकाला शिव्या ऐकवायला मी इथे नाही आणलं. उचला रे त्याला!"

सहा पोरांनी शवपेटी उचलली आणि रस्ता ओलांडून समोरच्या, दुसऱ्या पंथाच्या मेथडिस्ट चर्चमध्ये नेली. मॉझेलबाईंची जिवाभावाची मैत्रीण अर्लीन मेझ स्वयंपाकघराच्या दारात हातात डाव घेऊन उभी होती. तिचा पाय उचलला गेला आणि परत खाली आला. ती गेली नाही. मॉझेलबाईंनी जाताना मागे वळून पाहिलं, अर्लीन तिथेच उभी दिसली आणि चाळीस वर्षांची मैत्री तिथल्या तिथे मोडली.

जेवण जसंच्या तसं राहिलं. संध्याकाळी बायकांनी आपापली भांडी नेली. एक उरलं.

"हे मॉझेलचं. नाव आहे बघ खाली."

"मग नेऊन दे."

"मी का नेऊ? तोंड तिने फिरवलंय."

"हलवून बघ, आत काहीतरी खडखडतंय."

"सुकलेलं कॉब्लर असेल. ठेव वर. हवं असेल तर येईल घ्यायला."

टॉलिव्हरमध्ये दुसरीच्या भांड्याचं झाकण उघडणं शोभत नाही. मला कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवलं आणि दार लावलं. त्या बायकांना वाटत होतं की मॉझेलने आपल्याला हिणवायलाच भांडं मागे सोडलंय. मॉझेलबाईंना वाटत होतं की त्या टटलनेच भांडं हडप केलं. पुढे गावभर सांगायच्या, "असला माणूस, ज्याला भांडंसुद्धा परत द्यावंसं वाटत नाही!" आणि तिकडे रॉयलला वाटत होतं की बाईंनी ऐकलं, आपण त्यांच्या लेकाचं वाजवणं कापलं हे त्यांना कळलं आणि आता त्यांना आपलं तोंड बघायचं नाही. तिघांनाही आपण बरोबर असल्याची खात्री होती. अशा माणसांत बसून वाट बघण्यासारखी शिक्षा नाही.

रेकॉर्ड आली. कपाटाच्या फटीतून मला सगळं ऐकू यायचं.

"वेष्टनावर ड्यूइटचं नाव आहे गं, पण वाजवलंय कुठे? सगळी गिटार तर हॉयटची."

"दयेपोटी छापलं असेल. मेलेल्या पोराचं नाव."

"मॉझेल तर दुकानात सांगत होती, सात मिनिटं एकट्याने वाजवलं म्हणून."

"त्यानेच सांगितलं असेल तिला. थापाड्याच होता, देव त्याला शांती देवो."

मला संताप यायचा. माझ्या अंगावर ती सात मिनिटं जशीच्या तशी होती, आणि मला तोंड नव्हतं. पुढे ऐकलं की मॉझेलबाईंनी हॉयटलाही फोन करून विचारलं. तो म्हणाला, "मावशी, आता आठवत नाही." त्याला सगळं आठवत होतं, पण लाज वाटत होती. त्यानंतर मॉझेलबाई दुकानात काही सांगेनाशा झाल्या.

उन्हाळे गेले. कपाटात दमट वाफ साठायची. माझा गोंद हळूहळू पाझरू लागला आणि माझे वेढे एकमेकांना चिकटू लागले. माणसाला आपलं म्हातारपण आरशात दिसतं, मला ते अंगाला लागत होतं. आणखी थोडी वर्षं गेली असती तर मी उलगडलेच नसते.

दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये चर्चने स्वयंपाकघर नवं करायला काढलं. स्टोक्सबाबा तोवर वारले होते. गावाबाहेर गेलेली माणसं वर्षातून एकदा ज्या रविवारी परत येतात, त्या रविवारी बेवारस भांडी हिरवळीवरच्या टेबलावर मांडली. "तीन वाजेपर्यंत आपापली ओळखून न्या," असं जाहीर केलं. उरतील ती भंगारात.

मी टेबलावर उन्हात पडून होते. दोन वाजले. एकेक भांडं उचललं जात होतं. अडीच वाजता दोन माणसांनी उरलेली भांडी खोक्यात भरायला घेतली. माझ्या शेजारचं पातेलं उचललं, मग पलीकडचं ताट. मग कुणाचातरी हात माझ्या झाकणावर पडला.

"ते ठेव," एक बाई म्हणाली. काठी टेकत अर्लीन आली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची.

"अर्लीनमावशी, हे तुमचं आहे का?"

"माझं नाही. पण कुणाचं आहे ते मला सत्तावीस वर्षं माहीत आहे."

तिने मला काखेत धरलं आणि ती रस्ता ओलांडू लागली. हे अंतर पन्नास पावलांचंही नाही. समोरचं मेथडिस्ट चर्च सुटत होतं; अंत्यविधीच्या दिवसापासून मॉझेलबाई तिथेच जात. मॉझेलबाई हातातल्या पंख्याने वारा घेत पायऱ्या उतरल्या आणि अर्लीनला बघून थबकल्या.

"मॉझेल, हे तुझं."

"सत्तावीस वर्षांनी सुचलं?"

"तू न्यायला आली नाहीस."

"मला काय स्वप्न पडणार होतं तुमच्याकडे आहे म्हणून? मी त्या टटलला शिव्या घालत बसले!"

"आम्हाला वाटलं तू मुद्दाम टाकलंस. आमच्या तोंडावर." अर्लीनने भांडं पुढे केलं. "त्या दिवशी मी यायला हवं होतं गं तुझ्या मागे. पाय उचलला होता मी."

"पाहिलं होतं मी," मॉझेलबाई म्हणाल्या. "परत ठेवलास तेही पाहिलं." त्यांनी भांडं हातात घेतलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "रिकामं नाहीये हे."

तिथेच पायरीवर बसून त्यांनी नखाने पट्टी सोलली. आत मी होते आणि चिठ्ठी होती. मॉझेलबाईंनी ती दोनदा वाचली, मग अर्लीनकडे दिली, कारण डोळ्यांपुढे अक्षरं हलायला लागली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं: "मॉझेलबाई, हे ड्यूइटचं. ऐकावंसं वाटेल तेव्हा मला फोन करा. रॉयल टटल."

त्याच संध्याकाळी फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रॉयल आला. तोही म्हातारा झाला होता. गाडीत मागे त्याचं जुनं यंत्र होतं आणि नक्कल उतरवायला एक नवं. मॉझेलबाई दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"एक फोन करता आला नाही तुम्हाला?"

"मला वाटलं, ऐकून तुम्ही रागावला असाल."

"ऐकलं असतं तर रागावले असते ना!"

रॉयलने मला हातात घेऊन टोक हलकेच ओढलं. मी सुटेना. त्याच्या बोटाला तपकिरी चिकट डाग लागला. त्याचा चेहराच उतरला.

"गोंद कुजलाय, मॉझेलबाई. अशीच लावली तर पाच फुटांत सगळी पूड सोलून निघेल आणि आवाजही तिच्याबरोबर जाईल. हिला आधी शेक द्यावा लागतो. आठ तास, जेमतेम हाताला सोसेल इतकाच. जास्त झाला तर वितळेल, कमी पडला तर सोलेल. आणि शेकूनही वाजेलच असं नाही. वाजली तर एकदा."

मॉझेलबाईंनी त्याच्या बोटावरचा डाग निरखला. मग म्हणाल्या, "पीच सुकवायचं यंत्र आहे माझ्याकडे. पंचवीस वर्षं वापरतेय, एक फोड जळू दिली नाही."

सकाळी आठला मला जाळीच्या ताटात ठेवलं. आत अजून मागच्या आठवड्याच्या पीचचा वास होता. दर तासाला मॉझेलबाई झाकण उघडायच्या, हात आत धरून ऊब बघायच्या आणि फोड परततात तसं मला हलक्या हाताने उलटायच्या. माझ्या अंगातला ओलावा निघू लागला. भीती मात्र निघत नव्हती.

दुपारी त्या अर्लीनशी बोलायला लागल्या. रॉयल अंगणात होता.

"त्या दिवशी तो घरी आला ना, अर्लीन, तेव्हा नुसता उड्या मारत होता. म्हणाला, आई, आज मी सात मिनिटं वाजवलं आणि कुणी थांबवलं नाही. मी म्हटलं, थापा मारू नकोस, हात धू आणि जेवायला बस. तो काही बोलला नाही गं. नेहमी हसायचा, त्या दिवशी नाही हसला. गप्प जेवला. मग रेकॉर्ड आली, त्यात तो नव्हताच." त्या थांबल्या. "तो माझ्याशी खोटं बोलून गेला, की मी त्याच्या खऱ्याला खोटं म्हटलं? एवढंच कळायला हवं मला. बाकी काही नको."

अर्लीनने त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि ओटा पुसला.

चार वाजता मला यंत्रावर चढवलं. मॉझेलबाईंनी खुर्ची अशी ठेवली की भिंतीवरचं घड्याळ समोर दिसेल. रॉयलने दोन्ही यंत्रं सुरू केली. मी सरकले. एक फूट, दोन फूट. सुटले! आणि सत्तावीस वर्षांनी ड्यूइटचा पहिला चाचपडता सूर त्या स्वयंपाकघरात वाजला.

मॉझेलबाई ओठ मिटून ऐकत होत्या. एक मिनिट गेलं. त्यांना पटत नव्हतं, मला दिसत होतं. गिटार कुणाचीही असू शकते. तेवढ्यात सुरांच्या खालून बारीक आवाज यायला लागला. खट, खट, खट. जमिनीवर बुटाची टाच.

"डाव्या बुटाचा खिळा!" मॉझेलबाई ओरडल्या. "निघाला होता! मी त्याला शंभरदा सांगितलं होतं, चांभाराकडे टाक म्हणून. तोच आहे! अर्लीन, तोच वाजवतोय!"

दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. दोन मिनिटं. चार मिनिटं. ड्यूइटला वाट सापडली होती आणि तो तिच्यावरून सुसाट निघाला होता. पाचव्या मिनिटाला मी किंचाळले. यंत्राच्या तोंडाशी तपकिरी भुगा साचत होता आणि माझं अंग त्यावर घासत होतं. मित्रांनो, माझा आवाज माझ्या डोळ्यांदेखत झडत होता.

रॉयलचा हात बटणावर गेला. "थांबवतो. यंत्र पुसून उद्या पुढचं बघू. मिळालं ते पुष्कळ आहे, बाई. तोच आहे हे कळलं ना तुम्हाला? उद्यापर्यंत टिकली तर उरलेलंही मिळेल. आता ओढली तर शेवटचं सगळं जाईल."

तो शहाणपणाचंच बोलत होता. पण शेवटी काय आहे, हे त्याला आठवत नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं, आणि उद्यापर्यंत मी टिकेन असं मला वाटत नव्हतं. शेक सोसलेला गोंद गार झाला की पुन्हा धरतो की नाही, याचा मला भरवसा नव्हता. थांबवू नका, असं मला ओरडायचं होतं.

मॉझेलबाईंची नजर घड्याळावर होती. सव्वापाच मिनिटं.

"तो सात म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "सात होऊ द्या."

"बाई, गेली तर कायमची जाईल."

"एकदा मी त्याला मध्येच थांबवलंय, रॉयल. हात काढा."

रॉयलने हात काढला. मी किंचाळत सरकत राहिले. सूर फाटत होते, जुळत होते. सहा मिनिटं. भुगा ओट्यावर सांडू लागला. साडेसहा. ड्यूइटने शेवटचा सूर धरला, लांबवला आणि घड्याळाचा काटा सातव्या मिनिटावर टेकला तेव्हा सोडला.

रॉयल बटणाकडे वळला. तेवढ्यात यंत्रातून त्याचाच तरुण आवाज आला, दूरचा, काचेपलीकडचा.

"थांबलास एकदाचा! सात मिनिटं, ड्यूइट! फीत संपली असती, गाढवा!"

मग धापा टाकणारा दुसरा आवाज. "सात? खरंच? आईला सांगितलं तर म्हणेल, थापा मारू नकोस."

कुणीतरी हसलं. टाच वाजली, खट.

"त्या भांड्यात काही उरलंय का रे?"

आणि मी संपले. माझं टोक फिरत्या चकतीवर फटफट आपटत राहिलं. रॉयलला यंत्र बंद करायचं सुचलं नाही, याही वेळी.

मॉझेलबाई उठल्या, यंत्राजवळ गेल्या आणि त्यावर हात ठेवला. "तेच म्हटलं रे मी," त्या म्हणाल्या. "अगदी तेच म्हटलं." मग थोड्या वेळाने, जेवायला बोलवावं तशा साध्या आवाजात म्हणाल्या, "उरलंय, बाळा. ये."

नक्कल नीट उतरली. माझ्या अंगावर मात्र आता जागोजागी नुसतं प्लॅस्टिक आहे. उजेडात धरलं तर माझ्यातून पलीकडचं दिसतं. रॉयल मला टाकणार होता, पण मॉझेलबाईंनी त्याला झापलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी आहे. भांडं पुढच्या रविवारी कॉब्लरने भरून त्यांनी स्वतः रस्ता ओलांडून नेलं आणि बॅप्टिस्टांच्या नव्या ओट्यावर ठेवलं. अर्लीन दारात उभी होती. या वेळी तिने पाय उचलला आणि पुढे टाकला.

मित्रांनो, जुन्या फितीची तुमच्याकडे एवढीच विनंती आहे. फिती, फोटो, पत्रं कोरड्या जागी ठेवा आणि अधूनमधून उघडून बघा. ती आपण होऊन बोलत नाहीत, आणि फार काळ थांबतही नाहीत. घरातलं कुणी उड्या मारत काही सांगायला आलं, तर त्याचं आधी पूर्ण ऐका. हात नंतर धुता येतात. आणि तुमच्या फळीवर कुणाच्या नावाचं भांडं पडून असेल, तर त्यांनी न्यायला येण्याची वाट बघू नका. आजच नेऊन द्या, आणि रिकामं देऊ नका.